तोंडाला लावलेलं कुंकू

या, पुढं सरका. मागं भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीसुद्धा सतरंजीवर या, माझ्याकडे माईक नाही आणि गळाही आता खालच्या पट्टीतच चालतो. कीर्तनाला बसता तसे बसा, टाळ नसले तरी भागेल. एक गोष्ट सांगते. गोष्ट एका काळ्या वायरची आहे, पण तिच्यात देव येतो, मृदंग येतो, माझी सून येते. मीही येते. मात्र मी तिच्यात कुठं उभी होते, हे त्या दिवशी दुपार होईपर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं.

कार्तिकातली सकाळ होती. मलकापुरात त्या दिवसांत कापसाच्या गाड्या सुरू झालेल्या असतात. गाडी घरासमोरून गेली की चार धागे उडून खिडकीच्या जाळीला चिकटतात आणि दिवसभर तिथंच थरथरत राहतात. मी खाली बसून परातीत तांदूळ निवडत होते आणि समोर टेबलाशी पूनम लॅपटॉप उघडून बसली होती. मोतीबिंदू काढल्यापासून मला माणसांचे चेहरे फार स्वच्छ दिसतात, सवय नसल्यासारखी मी बघत राहते. तशी मी तिच्याकडे बघत होते, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कमी झाला. आवाज काही झाला नाही. दिव्यातलं तेल संपत आलं की समईपुढची मूर्ती जशी एक पाऊल मागं गेल्यासारखी वाटते, तसा तिचा चेहरा मागं गेला. तिनं वायर हलवली, उजेड परत आला, परत गेला. "आई, गेलं हे," ती म्हणाली. तांदळात चालणारं माझं बोट थांबलं. आणि त्याच क्षणी माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं. भर उन्हात चालत आल्यावर कुणी घागर डोक्यावरून उतरवून घ्यावी, तसं. मी घाबरले. कारण हे मोकळं होणं कशाचं आहे ते मला कळलं नव्हतं, आणि थोडंसं कळलंही होतं.

पूनम माझ्या मुलाची, शिवमची बायको. शिवम पुण्याला कंपनीत आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती चार दिवसांसाठी म्हणून आली. डोळा बरा झाला, थेंब टाकणं संपलं, तरी ती गेली नाही. आधी म्हणाली आई, ऊन्ह आहे, मग म्हणाली पाऊस आहे. धाड गावची पोरगी, शेतकऱ्याच्या घरची, बोलायला मोकळी. संध्याकाळी मला स्कूटीवर मागं बसवून कीर्तनाला न्यायची. स्वतः मंडपाच्या कडेला मोबाईल बघत बसायची, पण गजर सुरू झाला की तिचा पाय ताल धरायचा, हे मी चोरून पाहिलेलं आहे. लग्नानंतर तिची नोकरी सुटली होती. ती परत मिळावी म्हणून ती उन्हाळ्यापासून धडपडत होती, आणि पुण्याच्या एका ठिकाणी सगळ्या पायऱ्या चढून आता शेवटची मुलाखत राहिली होती. ती त्याच दिवशी दुपारी बारा वाजता होती, घरूनच, लॅपटॉपवर. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर चालणार नव्हती. त्या लोकांनी परीक्षेसाठी काहीतरी तिच्याच यंत्रात बसवून घेतलं होतं आणि प्रश्न सोडवताना तिचा पडदा त्यांना तिकडे दिसायला हवा होता. यंत्र जुनं, बॅटरी म्हातारी, वायर निघाली की थोड्या वेळात डोळे मिटायची. नोकरी मिळाली तर पूनम पुण्याला जाणार. जायलाच पाहिजे, नवरा तिथं आहे, काम तिथं आहे. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते वाक्य वापरून गुळगुळीत झालं होतं.

मागच्या आठवड्यात देवळात एक बुवा कीर्तनाला आले होते, साधे, आवाज थोडा फुटका. म्हणाले होते, मनाला पुढचं दार असतं तसं मागचंही असतं, पुढच्या दारात रांगोळी काढता तेव्हा मागच्या दारानं कोण आत येतं ते बघत जा. तेव्हा मी मान हलवली होती. शेजारी बसलेल्या बेबीताईला कोपरानं ढोसलं होतं, कारण मला वाटलं, हे तिच्यासाठीच आहे. आता परातीपुढं बसून मला तो फुटका आवाज ऐकू येत होता. पुढच्या दारात मी रोज रांगोळी काढत होते. पूनमला नोकरी लागू दे म्हणून देवापुढं साखर ठेवत होते. आणि मागून हे आलं होतं, पाय न वाजवता.

पूनम मात्र कामाला लागली होती. तिची पद्धत मला आवडते. स्वयंपाक बिघडला तरी ती आदळआपट करत नाही, मीठ की तिखट की आच, असं एकेक तपासत जाते. तिनं आधी भिंतीतलं बटण पाहिलं. मग वायर काढून स्वयंपाकघरात नेली आणि ज्या खटक्यावर मिक्सर चालतो तिथं लावली. वायरच्या मधे चार्जरची जी काळी वीट असते, तिच्यावर हिरवा ठिपका लागला, म्हणजे भिंतीकडून वीज येत होती. विटेला जोडलेला तुकडा उपसून तिनं पुन्हा घट्ट बसवला. लॅपटॉपच्या बाजूला जो बारीक दिवा असतो तो मात्र लागेना. मग तिनं ती वीट तळहातावर घेऊन माझ्या हातात दिली. "पाहा. कामात असली की गरम लागते. आज थंडीगार आहे." मी वीट धरून बसले. खरंच थंड होती, नदीतल्या दगडासारखी. मला उगाच वाटलं, ही माझ्याकडे बघते आहे. दसऱ्यापासून ही वायर नीट चालत नव्हती हे मला माहीत होतं. माहेरी दसरा करून पूनम परत आली आणि तेव्हापासून तिला पिन तिरकी धरून बसवावी लागायची. खाली टेकण म्हणून तिनं माझा छोटा हरिपाठ मागून घेतला होता. मी म्हटलं होतं, घे बाई, देवाचा टेकू आहे, पडणार नाही. आणि आज तो टेकूही पुरेना.

ती वर गेली आणि प्रसेनजितला घेऊन आली. हा आमच्या माडीवर भाड्यानं राहतो, कॉलेजात शिकवतो, वडनेर भोलजीचा. त्यांच्या घरी पूजाअर्चा नाही, बुद्धवंदना असते. पण त्याची आई भिमाबाई गावाहून आली की आम्ही दोघी जिन्यात बसून एकमेकींना गाणी म्हणून दाखवतो, तिची भीमाची, माझी विठ्ठलाची, आणि आवाज तिचाच चांगला आहे. प्रसेनजितच्या लॅपटॉपची पिन नेमकी तशीच होती. चप्पल काढता काढता तो मला म्हणाला, "काकू, येवढे कीर्तनं ऐकता, तुमच्या देवाले सांगा ना थोडा करंट पाठवाले."

"तो पाठवते रे बाबू," मी म्हटलं, "तुमच्या यंत्राचंच तोंड वाकडं असन तं तो काय करीन?"

तो हसला. पूनमही हसली. मी बोलून गेले आणि त्या बोलण्यातला एक शब्द मनात घोळत राहिला, कोणता ते कळेना. प्रसेनजितची वायर पूनमच्या लॅपटॉपला लावली, दिवा लागला नाही. मग पूनमची वायर त्याच्या लॅपटॉपला लावली, आणि त्याचा दिवा टचकन लागला. थोड्या वेळानं वीटही कोमट झाली. म्हणजे इतके दिवस जिला आम्ही शिव्या दिल्या ती वायर निर्दोष होती. दोष पूनमच्याच यंत्रात होता, पिन जिथं आत जाते त्या भोकात. पूनमनं लॅपटॉप पूर्ण बंद केला, उचलून खिडकीशी नेला, मोबाईलचा उजेड आत पाडला आणि एक डोळा मिटून पाहिलं. "आत लाल दिसून राह्यलं," ती म्हणाली. प्रसेनजितनं पाहिलं. म्हणाला, गंज असंल, नाही तं जळालं असंल आतून, दुकानात खोलावं लागंल. दुकान म्हणजे संध्याकाळ. पूनमनं घड्याळाकडं पाहिलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन खिडकीतच बसली. तिच्या केसांवर कापसाचा एक धागा येऊन बसला होता, तोही तिनं काढला नाही.

मी उठले. म्हटलं, मले पाहू दे. नव्या डोळ्यानं मी त्या भोकात पाहिलं, आणि मला गंज दिसला नाही. मला माझ्या आईचं जातं दिसलं. दसऱ्याला आमच्याकडे घरातलं सगळं कामाचं सामान पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, शिलाईमशीन, टाळ, मृदंग, सगळ्यांना हळदकुंकू. माझी आई जात्याच्या तोंडाला कुंकू लावायची. पाळीला नाही, खुंट्याला नाही, जिथून दाणा आत जातो त्या तोंडाला. म्हणायची, जिथून खाते तिथं लावावं. सासरी विहिरीवर इंजिन होतं, त्याच्याही तोंडाला, जिथून तेल ओततात तिथं, मी नवी नवरी असताना कुंकू लावलं होतं आणि सासरे हसले होते. या दसऱ्याला पूनम धाडला गेली होती आणि तिचा लॅपटॉप घरीच होता. मी त्याला पाटावर मधोमध ठेवलं. हे तिचं शस्त्र, म्हटलं, तिच्या पोटापाण्याचं. याचं तोंड कुठलं? वायर जिथं जाते ते. ओलं कुंकू करंगळीवर घेतलं, त्या बारीक भोकाला लावलं, वर अक्षता टाकल्या. कुंकू आत गेलं, एखादा दाणाही गेला असणार. आणि मग रोज पूनम पिन आत दाबत राहिली, आणि माझा आशीर्वाद रोज थोडा थोडा खोल जाऊन बसला, दगडासारखा वाळत.

करंगळी. मी तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती काय विचार करत होती? मी लावलं ते प्रेमानंच ना? की तेव्हाही मागचं दार उघडं होतं? मी त्या सकाळचा एकेक क्षण आठवत गेले. पाट, रांगोळी, झेंडूचा वास, शेजारच्या घरातला रेडिओ. आणि मला हमी मिळेना. प्रेमच होतं, असं वाटे. पण आज चेहऱ्यावरचा उजेड गेला तेव्हा जे मोकळं झालं तेही माझंच होतं, ते कुठून आलं? दोन्ही एकाच घरात राहत असतील, एकाच ताटात जेवत असतील. खोलीत कुणालाच काही माहीत नव्हतं. मी 'गंजच आहे' म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पूनमनं नशिबाला बोल लावला असता, संध्याकाळी मला स्कूटीवर बसवून कीर्तनाला नेलं असतं, आणि मी तिच्या खांद्याला धरून गेले असते. हे चित्र मला दिसलं. गोड होतं. मी ते थोडा वेळ बघितलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या लाल रंगाखाली मला दुसरं काहीतरी दिसत राहिलं. शिवमचे बाबा होते तोवर मृदंग वाजवत. दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभं राहायचं आणि संध्याकाळी मृदंग. कीर्तनाआधी मी कणीक भिजवून द्यायची. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ते ओल्या कणकेची चकती थापत, त्याशिवाय तो धीरगंभीर बोल निघत नाही. आणि कीर्तन संपलं, लोक प्रसादाला उठले, बुवांच्या पाया पडायला गर्दी झाली, की हे कोपऱ्यात मृदंग मांडीवर आडवा घेऊन बसत आणि वाळत आलेली कणीक अंगठ्याच्या नखानं हळूहळू खरडून काढत. मी घाईत असायची. म्हणायची, उद्या पुन्हा लावायचीच आहे, राहू द्या ना. एकदा त्यांनी वर न बघता सांगितलं होतं, "आज बोलता केला तिनंच. आता काढली नाही तं उद्या मुका करीन तेच." त्या माणसानं आयुष्यात मला कधी उपदेश केला नाही. तेही कणकेबद्दलच बोलत होते. पण खिडकीत उभी असताना मला त्यांचं नख दिसलं, कडेनं पांढरं झालेलं, एक कण शिल्लक न ठेवणारं.

"पूनम," मी म्हटलं, "ते कुंकू आहे. म्या लावलं. दसऱ्याले."

तिनं मान वर केली. "तोंडाले?"

"हाव. जात्याच्या लावतात तसं. दाणाबी आहे आत, तांदळाचा."

प्रसेनजितनं तोंडावर हात धरला. त्याला बरंच काही बोलता आलं असतं आणि मी ऐकून घेतलं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे पूजा चांगलीच आतपर्यंत पोचली काकू." पूनम हसली नाही, रागावलीही नाही. मी धावत सुई आणली तर म्हणाली, सुई नको, लोखंड आत घालू नये, फड्याची काडी आणा. शिंदीच्या फड्यातली, म्हणजे केरसुणीतली, एक बारीक काडी मी काढली. लक्ष्मी आहे, मनातल्या मनात तिच्या पाया पडले. प्रसेनजितनं उजेड धरला, पूनमनं लॅपटॉप उलटा धरून तोंड जमिनीकडं केलं, आणि काडी माझ्या हातात दिली. "तुमाले आता दिसते चांगलं. तुमीच काढा."

मी खरडलं. कडेकडेनं, गोल, घाई न करता. लाल भुगा माझ्या पायावर पडत होता. डोळा शिणला की मी थांबत होते आणि पूनम यंत्र तसंच धरून राहत होती. सगळ्यात शेवटी तो दाणा आला. अख्खा नव्हता, पिनेनं दाबून चपटा झालेला, लालभडक. फरशीवर पडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पूनमनं भोकात एकदा फुंकर मारली आणि वायर लावली. पिन आत गेली ती सरळ, पार बुडापर्यंत. बाजूचा दिवा लागला. खाली टेकण लागलं नाही. पूनमनं माझा हरिपाठ उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात परत दिला, आणि मग मात्र ती हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

बाराला ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी दाराबाहेर बसले. कुकर लावला नव्हता, शिट्टी होईल म्हणून. भोंगा लावून भाजी विकणारा आला त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं. प्रसेनजित जिन्यात उभा राहून गल्लीतल्या पोरांना दटावत होता. स्टेशनकडून मालगाडी गेली, तिला कोण थांबवणार. आतून पूनमचा आवाज येत होता. मध्येच इंग्रजी, मध्येच मराठी, आणि मला शब्द कळत नव्हते तरी चाल कळत होती. आधी अडखळत, मग जरा वरच्या पट्टीत, मग एका ठिकाणी तो आवाज असा मोकळा सुटला की मी डोळे मिटले. गळा लागला की मला कळतं, आयुष्यभर तेच तर ऐकलं आहे. आणि तेव्हा पुन्हा छातीत काहीतरी मोकळं झालं. सकाळचंच ते होतं का? जागा तीच होती. मी नीट बघितलं. या वेळी ते पुढच्या दारानं आलं होतं, पायात आवाज करत.

ती बाहेर आली तेव्हा मी आधीच बोलले, तिनं काही सांगायच्या आत. म्हटलं, "सकाळी बंद पडलं तवा मले बरं वाटलं होतं. जरासं. आता तू जानार नाही म्हणून."

पूनम माझ्या शेजारी फरशीवर टेकली. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं तो लाल भुगा गोळा करत राहिली. "मलेबी," ती म्हणाली. "मलेबी वाटलं होतं, आई. जरासं."

मग तिनं सांगितलं की घेतलं त्यांनी, कधी येता विचारलं. "मी म्हटलं, देवळातला सप्ताह उठल्यावर. तुमाले स्कूटीवर कोन नेईन तोवर?"

"त्याइले काय समजते सप्ताह?"

"घरचं कार्य आहे म्हटलं. हो म्हणाले." मग ती उठली, परातीतले तांदूळ धुवायला घेतले आणि आतून म्हणाली, "पुढच्या दसऱ्याले मी घेऊन येईन लॅपटॉप. झाकणाले लावा. मोठं लावा, मधोमध. तोंडाले नका लावू."

झाली गोष्ट. सप्ताह उठला, काल्याचा प्रसाद डब्यात भरून पूनम गेली. स्टेशनवर तिची गाडी निघाली तेव्हा मी हात वर केला तो तिला दिसत होता तोवर खाली घेतला नाही. आता संध्याकाळी प्रसेनजित मला देवळाच्या कोपऱ्यापर्यंत सोडतो, आत येत नाही, पण परत न्यायला वेळेवर येतो. पूनमचा फोन रोज येतो. तिची आठवण काढायचं काम माझ्याकडे राहू द्या. तुम्हाला मी दुसरं मागते. तुम्ही कुठल्या तरी गावात कीर्तनाला बसाल. कीर्तन संपेल, सगळे उठतील, पायात चपला शोधतील. तेव्हा कोपऱ्यात बघा. कुणीतरी मृदंग मांडीवर घेऊन नखानं कणीक खरडत बसलेला असेल. त्याच्यापाशी क्षणभर थांबा आणि माझ्या माणसाला आठवा. शिवमचे बाबा, शिवमचे बाबा म्हणत मी जन्म काढला, त्यांचं नाव कधी उच्चारलं नाही. पण नाव कळल्याशिवाय तुम्ही आठवणार कसे? म्हणून आज घेते. भगवानराव.